विश्लेषण : आंबा नसलेल्या बिअरला आंब्याचा वास कसा? ‘हेझी डबल आयपीए’ आणि दापोलीपुढचा प्रश्न

मुंबई-पुण्याच्या मायक्रोब्रुअरींमध्ये ‘हेझी डबल आयपीए’ हे नाव आता नवलाईचे राहिलेले नाही. दिसायला आमरसासारखी गढूळ, नाकाशी नेताच आंबा-पेरू-पपनसाचा घमघमाट, जिभेवर मऊ आणि ताकद मात्र ८ टक्क्यांच्या घरात, अशी ही बिअर. तिच्यासाठी चढी किंमत मोजणारा ग्राहक शनिवार-रविवारी दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, लाडघरच्या किनाऱ्यावर उतरतो. त्याच वाटेवर मार्च ते मे या काळात काजूच्या बोंडांचा सडा पडून कुजत असतो. फळाच्या वासाला पैसे मोजणारा आणि फळ फेकून देणारा यांची गाठ पडते, पण व्यवहार होत नाही. ही बिअर म्हणजे काय, ती चाखायची कशी आणि दापोलीने तिच्यापासून काय घ्यावे, काय घेऊ नये?

हेझी डबल आयपीए म्हणजे नेमके काय?

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. माल्ट केलेली बार्ली, पाणी, यीस्ट आणि हॉप्स हे तिचे मुख्य घटक. त्यात हॉप्सचे प्रमाण नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त असते. हॉप्स ही भांगेच्या कुळातील एक वेल असून तिच्या शंकूसारख्या फुलांमुळे बिअरला कडवटपणा आणि वास येतो. माल्ट आणि हॉप्स दोन्ही वाढवले, की ‘डबल’. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील टेमेक्युला येथे विनी सिलुर्झो यांनी १९९४ मध्ये ब्लाइंड पिग ब्रुअरीत केलेली बिअर या प्रकारातील सुरुवातीची मानली जाते.

‘हेझी’ म्हणजे धूसर, गढूळ. हा प्रकार अमेरिकेच्या ईशान्येकडील व्हरमाँट राज्यातून पुढे आला. तेथील ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीची ‘हेडी टॉपर’ ही ८ टक्के अल्कोहोलची बिअर त्याची आद्य खूण. २०११ पासून ती कॅनमध्ये मिळू लागली आणि तिच्यासाठी रांगा लागल्या. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनने २०१८ मध्ये हेझी बिअरना अधिकृत प्रकार म्हणून मान्यता दिली. हा गढूळपणा अस्वच्छतेचा नसतो. ओट आणि गव्हातील प्रथिने हॉप्समधील पॉलिफेनॉलशी बांधली जातात आणि तरंगत राहतात. त्याचमुळे ती जिभेला मऊ लागते.

नावात ‘इंडिया’ कशासाठी?

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील बो ब्रुअरीचे जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर बिअर देत. ती कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या बंदरांत उतरे. १८२०च्या दशकात बर्टन येथील ऑलसॉप आणि बास यांसारख्या ब्रुअरी या व्यापारात आल्या आणि १८३०च्या दशकात ‘इंडिया पेल एल’ हे नाव रूढ झाले. भारतापर्यंतच्या प्रवासात टिकावी म्हणून ही बिअर मुद्दाम कडक केली, ही गोष्ट सर्रास सांगितली जाते. प्रत्यक्षात ती त्या काळच्या इंग्लंडमधील बिअरच्या तुलनेत फार कडक नव्हती. वाढवले होते ते हॉप्स, कारण हॉप्समुळे बिअर खराब करणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो.

दापोलीच्या दृष्टीने हा इतिहास अगदी परका नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणातील लष्करी ठाणे दापोलीत वसवले. ‘कॅम्प दापोली’ हे नाव त्यातूनच आले. मुंबई बंदरात पेल एलची पिंपे उतरत होती, त्याच दशकांतील हे ठाणे. तेव्हा ही पेल एल प्रामुख्याने अधिकारी आणि मुलकी साहेबांची होती, साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला काळी पोर्टर बिअर येई. म्हणजे वरच्या वर्गाची बिअर आणि खालच्या वर्गाची बिअर हा भेद आजच्या मायक्रोब्रुअरीने शोधलेला नाही.

फळ घातलेले नसते, तर वास कुठून येतो?

बहुतेक हेझी डबल आयपीएमध्ये एकही फळ नसते. वास येतो तो हॉप्सच्या तेलातून आणि यीस्टच्या कामातून. हॉप्स उकळले की त्यातील आम्लांचे रूप बदलून कडवटपणा येतो, पण वासाचे तेल उडून जाते. म्हणून या प्रकारात बहुतांश हॉप्स उकळणे संपल्यावर किंवा बिअर आंबत असताना, आंबून झाल्यावर थंड स्थितीत टाकतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. डबल आयपीएसाठी १०० लिटरला दीड-दोन किलो, कधी त्याहून अधिक हॉप्स लागतात. त्यामुळेच ती महाग पडते.

या तेलांत मर्सीन, जिरॅनिऑल, लिनालूल असे टर्पीन गटाचे रेणू असतात. शिवाय अत्यल्प प्रमाणात थायॉल हे गंधकयुक्त रेणू असतात. पेरू, पॅशन फ्रूट, ग्रेपफ्रूट यांच्या वासात याच थायॉलचा वाटा मोठा असतो. यीस्ट यातील काही रेणूंचे दुसऱ्या रेणूंत रूपांतर करते आणि स्वतःही फळासारखा वास देणारी एस्टर तयार करते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यातून पुढे आलेल्या सिट्रा, मोझॅक किंवा ऑस्ट्रेलियातील गॅलेक्सी या हॉप्सच्या जाती या वासासाठीच नावाजल्या आहेत. भारतात हॉप्सची लागवड हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात होते. या वेलीला थंडी आणि उन्हाळ्यातला लांब दिवस लागतो, त्यामुळे कोकणात ती घेण्याचा विचार व्यर्थ आहे.

मग हापूसशी तिचे नाते काय?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूसच्या वासाचा रेणूंच्या पातळीवर सविस्तर अभ्यास केला आहे. त्यातून दिसते ते असे : हापूसमध्ये प्रमाणाने सर्वाधिक असतात ते टर्पीन गटातील ऑसिमीन, मर्सीन यांसारखे रेणू. कैरीत, सालीत, देठाच्या चिकात जो उग्र हिरवट वास असतो तो या गटाचा. फळ पिकू लागले की लॅक्टोन आणि फ्युरॅनोन गटाचे रेणू तयार होतात आणि अढी उघडल्यावर घरभर पसरणारा गोड दरवळ येतो तो त्यांच्यामुळे.

आता बिअरकडे पाहिले, तर मर्सीन दोन्हीकडे आहे. हॉप्सचा आंबा हा खरे तर सालीचा आणि चिकाचा आंबा आहे, अढीचा नव्हे. गोडवा भासतो तो यीस्टच्या एस्टरमुळे आणि ओटच्या मऊपणामुळे. पेल्यातील ‘मँगो’ आणि पेंढ्यात पिकवलेला हापूस यांत हा फरक आहे. तो शहरातल्या ग्राहकाला कोणी सांगत नाही. दापोलीतल्या शाळकरी मुलाला मात्र तो नाकाने कळेल.

ही बिअर चाखायची कशी?

पहिली गोष्ट म्हणजे ही घोटाघोटाने तहान भागवण्याची बिअर नाही. १५० मिलिलिटर, म्हणजे कटिंग चहाच्या दोन ग्लासांइतकी, पुरे. ती बर्फासारखी गार नसावी. ८ ते १० अंश सेल्सिअस हे तापमान योग्य, कारण अतिथंड बिअरचा वास दबून जातो. पेला तोंडाशी किंचित निमुळता असावा आणि वर बोटभर फेस असावा.

रंग आधी पाहावा. फिकट पिवळा ते नारिंगी असेल तर ठीक, तपकिरी किंवा करडी झाक असेल तर बिअर हवा लागून बिघडली आहे. मग वास घ्यावा. ताज्या बिअरमध्ये फळ आधी येते. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा शिळ्या मधाचा वास आला तर ती जुनी आहे. मग छोटा घोट. कडवटपणा शेवटी यावा आणि लवकर ओसरावा. घशाला मिरचीसारखी चरचर झाली तर हॉप्सचे कण नीट बसलेले नाहीत, हा दोष समजावा, ताकद नव्हे. घोट गिळल्यावर छातीत हलकी ऊब जाणवते, ती अल्कोहोलची. ती झाकली गेली असेल तर बिअर कुशलतेने केली आहे, आणि नेमके तेव्हाच अधिक सावध राहायला हवे.

वर्णनाचे शब्दही आपलेच वापरायला हरकत नाही. मायक्रोब्रुअरीच्या यादीत ‘ट्रॉपिकल’, ‘स्टोन फ्रूट’ असे शब्द छापलेले असतात. त्यातून मराठी माणसाला काही वास येत नाही. पपनस, रायवळ आंब्याची साल, बरका फणस, पिकलेला पेरू, काजूचे बोंड हे शब्द घेतले तर तोच पेला जास्त नेमका कळतो.

‘डबल’ म्हणजे किती कडक?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर सौम्य आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. म्हणजे भारतात कायदेशीर डबल आयपीए ही या मर्यादेच्या अगदी काठावर उभी असते. ८ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर कॅनमध्ये सुमारे २६ मिलिलिटर, म्हणजे २१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटर पेगमध्येही जवळपास तेवढेच असते. ५०० मिलिलिटरचा कॅन म्हणजे दीड मोठा पेग. पेग मोजून घेणारा माणूस बिअर मात्र मोजत नाही, खरी गोम इथे आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा ठरतो. ६५ किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी ३३० मिलिलिटरचा असा एकच कॅन घेतला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. दापोलीला येणारा रस्ता ताम्हिणीतून येवो की आंबेनळीतून, घाट चुकत नाही. किनाऱ्यावर भरतीच्या वेळी वाळूत गाड्या रुतणे आणि पोहायला उतरलेले पर्यटक बुडणे या बातम्या कोकणाला नव्या नाहीत. फळाच्या वासाची, कडवट न लागणारी आणि उकाड्यात सहज उतरणारी ८ टक्क्यांची बिअर अशा ठिकाणी साध्या स्ट्राँग बिअरपेक्षा अधिक फसवी आहे. उग्र चव निदान इशारा तरी देते.

दापोलीत ही बिअर टिकेल का?

हेझी आयपीए हा नाजूक माल आहे. प्राणवायूचा थोडा संपर्क आणि उष्णता यांनी तिचा वास काही आठवड्यांत उतरतो. ब्रुअरीपासून पेल्यापर्यंत अखंड गारवा हवा. वीज खंडित होणे, दमट हवा आणि पुण्या-मुंबईपासूनचा घाटरस्ता पाहता दापोलीच्या दुकानात पोहोचलेला कॅन मूळ बिअरची सावली असण्याचीच शक्यता अधिक. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड परिसरातील आंबा, नारळ, सुपारीच्या बागा आडव्या केल्या, वीज कित्येक दिवस नव्हती. अशा भूभागात शीतसाखळीवर अवलंबून असलेल्या परदेशी चवीची नक्कल करण्यात शहाणपण नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे : वासाला किंमत मिळते, हा धडा.

कोकणाच्या फळांना यात जागा आहे का?

इथे एक भ्रम दूर करायला हवा. बिअरमध्ये हापूसचा रस घातला की आमरसाची बिअर होईल, असे नाही. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकते, निघणाऱ्या वायूबरोबर बराच वास जातो आणि उरतो तो कोरडा, काहीसा तुरट द्रव. शिवाय २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोकणचा हापूस इतका महाग, की तो असा उधळणे परवडणारे नाही.

आंबल्यानंतरही टिकतात ते दोन गुण : आंबटपणा आणि तुरटपणा. कोकणाकडे दोन्ही भरपूर आहेत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जर्मनीत मीठ घातलेली आंबट ‘गोझे’ बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते. कोकम आणि मीठ ही जोडी तर कोकणी माणसाला सरबतापासूनच ठाऊक आहे. पुण्यातील छोट्या ब्रुअरींनी कोकम वापरून पाहिलेही आहे. अशी बिअर ४-५ टक्क्यांतही चवदार होते, तिला डबल होण्याची गरज पडत नाही.

दुसरे फळ काजूचे बोंड. बोंड बीपेक्षा कितीतरी पट जड असते. बी विकली जाते, बोंड बहुतांशी जमिनीत जाते, कारण ते एक-दोन दिवसांत नासते. गोव्यात त्याच बोंडापासून हुर्राक आणि फेणी होते, आणि गोव्याच्या काजू फेणीला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे. सीमेच्या अलीकडे तेच बोंड कचरा ठरते किंवा चोरून हातभट्टीत जाते. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. रत्ना, सिंधू या आंब्याच्या आणि कोकण अमृता या कोकमाच्या जाती तिथल्या संशोधनातून आल्या. बोंडाचे सरबत-सिरप करण्याचे कामही तिथे झाले आहे. फळाचा तुरटपणा, साखर आणि यीस्ट यांचे गणित सोडवण्याची क्षमता दापोलीत आहे. ती आंबवण्याच्या शास्त्राकडे वळवण्याचा निर्णय मात्र विद्यापीठाने एकट्याने घ्यायचा नाही.

हा दारूचा पुरस्कार नव्हे काय?

आक्षेप रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अल्कोहोलची कोणतीही मात्रा आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येणार नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीचा निर्णय घेतला तेव्हा शेतकऱ्यांचे हित हेच कारण पुढे केले होते. त्याला तीव्र विरोध झाला आणि निर्णय रखडला. त्याच वर्षी काजूबोंड, मोहफूल अशा स्थानिक फळाफुलांपासूनच्या मद्याला चालना देण्याचे धोरणही राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारले. गावोगावी ‘आडवी बाटली’साठी मतदान करणाऱ्या महिलांनी दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिली आहेत. शेतकऱ्याच्या नावाने त्यांचे तोंड बंद करता येणार नाही.

पण हा प्रश्न दारू हवी की नको, एवढाच नाही. दारू येतेच आहे. ती बाहेरून येते, कडक येते आणि तिचा पैसाही बाहेर जातो. किनाऱ्यावर उरतात बाटल्या, अपघात आणि पोलिसांचे काम. बागायतदाराच्या हाती त्यातले काही लागत नाही. प्रश्न आहे तो कमी कडक, मोजून घेतल्या जाणाऱ्या आणि स्थानिक फळाशी जोडलेल्या पेयाला सरकार जागा देणार की ‘रुपयाला जास्त नशा’ या हिशेबावर चालणारा बाजार तसाच राहू देणार, हा.

मग करायचे काय?

कर बाटलीवर किंवा प्रकारावर नव्हे, तर त्यातील शुद्ध अल्कोहोलवर लावावा. मग ४ टक्क्यांची कोकम बिअर स्वस्त आणि ८ टक्क्यांची डबल आयपीए महाग पडेल, आणि तेच योग्य आहे. कॅनवर टक्क्यांबरोबर अल्कोहोलचे ग्रॅम आणि भरल्याची तारीख ठळक छापावी. ८ टक्क्यांची बिअर १५० ते २०० मिलिलिटरच्या पेल्यातच द्यावी. बोंडापासून सौम्य पेय करणाऱ्या बागायतदार गटांसाठी परवाना शुल्क उत्पादनाच्या प्रमाणात असावे, आणि त्याच केंद्रात बिनअल्कोहोलचे सरबतही व्हावे. म्हणजे ज्या गावाला मद्य नको त्याच्या बोंडांनाही भाव मिळेल. विक्रीपूर्वी ग्रामसभेची, विशेषतः महिलांची संमती सक्तीची असावी.

हेझी डबल आयपीए चाखून पाहण्यात गैर काही नाही. ती कौशल्याने केलेली बिअर आहे, आणि चांगली असेल तर दोन घोटांतच तिचे सगळे सांगून होते. मात्र तिच्यातला आंबा याकिमा खोऱ्यातून येतो आणि दापोलीतले बोंड मातीत जाते. ग्राहकाने पेला लहान करावा आणि सरकारने बोंडाला वाट करून द्यावी. यातले दुसरे काम अधिक अवघड आहे, आणि काजूचा पुढचा हंगाम मार्चमध्येच सुरू होतो.